टोक हलतं

जगात जे जे म्हणून बिघडलं आहे ते कुणीतरी मुद्दाम बिघडवलेलं आहे, आणि तेही खास आपल्याला छळण्यासाठी, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला अंबरनाथला बुवापाड्यात, नोकरी तिथल्याच एका कारखान्यात फिटरची आणि जन्म रेडिओ दुरुस्त करण्यासाठी. धंदा म्हणून नव्हे. कुणी पैसे पुढे केले तर ते अपमान झाल्यासारखे बघत. रेडिओ बिघडला याचा त्यांना राग यायचा आणि राग निवेपर्यंत ते तो दुरुस्त करत बसायचे, इतकंच. रेडिओचा मालक समोर स्टुलावर अवघडून बसलेला असायचा आणि हे उघड्या रेडिओत डोकं घालून तो बनवणाऱ्याचा उद्धार करत असायचे. दोन तारा कथील वितळवून जोडायच्या, त्याला आमच्याकडे डाग देणं म्हणतात. "ह्याला डाग म्हणायचा?" साडू विचारायचे. "असला डाग शत्रूनंसुद्धा देऊ नये!" मालक बिचारा आपणच तो डाग दिल्यासारखा मान खाली घालायचा.

हा राग रेडिओपुरता असता तर मी काही बोललो नसतो. पण ते छत्रीच्या काड्यांवर चिडत, सुट्टीचा दिवस फिकट लाल छापणाऱ्या कॅलेंडरवर चिडत. एकदा काडेपेटीत सहा काड्या बिनगुलाच्या निघाल्या म्हणून त्या सहा काड्या कागदात बांधून भर दुपारी वाण्याकडे परत द्यायला गेले होते. आमच्या लग्नात लाऊडस्पीकर घूं घूं करत होता. बुद्धवंदना सुरू व्हायच्या आधी हे टेबलाखाली शिरले ते जेवणाच्या पंगतीलाच बाहेर आले. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत त्यांचा चेहरा नाही. एका फोटोत मात्र हार घालताना आम्ही दोघं, आणि मागे टेबलाखालून बाहेर आलेले दोन पाय आहेत. ते पाय कुणाचे हे आमच्या मुलांना अजून सांगावं लागतं.

माझ्याबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. मी एका कचेरीत नकाशे गिरवायला होतो. मूळ नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि शाईनं रेघेवर रेघ ओढायची, सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच. "तुमचं बरं आहे," साडू म्हणायचे, "दुसऱ्यानं चूक केली तरी तुम्ही ती तशीच्या तशी करायची. ह्याचे पगार देतात!" मी वयानं लहान, नात्यानं लहान, त्यामुळे हसून सोडून द्यायचो. पण मनात ठेवायचो. मनात ठेवण्याची कला मला चांगली जमते, हे पुढे कळेलच.

आता माझी मूळ तक्रार सांगतो. माझ्या वडिलांनी बोनसच्या पैशातून एक ट्रान्झिस्टर घेतला होता, चामड्याच्या पिशवीतला. वडील गेल्यावर तो आईचा झाला; साडू तिला मावशी म्हणत. आई मूळची चामटोली गावची, कधी शाळेत न गेलेली, पण तिचा दिवस त्या रेडिओवर चालायचा. बातम्या लागल्या की चूल, शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की भांडी, आणि दुपारची गाणी लागली की पाय पसरून अर्धा तास. आम्ही बदलापूरला नवीन बिल्डिंगीत राहायला आलो तेव्हा टेम्पोत सगळं सामान मागे आणि रेडिओ आईच्या मांडीवर होता. नंतर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, शेजारच्या रंगीत टीव्हीत तिला नुसते रंग दिसायला लागले, तेव्हा तर त्या रेडिओशिवाय तिला दुसरी सोबत राहिली नाही. आणि नेमका त्याच वर्षी रेडिओ मुका झाला.

मी तो बुवापाड्याला नेला. साडूंनी उघडला, भिंग लावलं आणि मिनिटभरात निदान सांगितलं. आत एक काळी कांडी असते, तिच्यावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, त्या तारेचं एक टोक तुटलं होतं. "पाच मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत लांबलेली पाच मिनिटं. सात वर्षं चालली.

कारण तार बघून त्यांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. ज्या सोल्डरिंग आयर्ननं त्यांनी अर्ध्या अंबरनाथचे रेडिओ बोलके केले होते ते प्लगला लावलं की तापतच राही. त्याला थांब म्हणायची सोय नव्हती. "ह्याच्यानं ही तार जळेल," ते म्हणाले, "आणि असली कांडी आता मिळत नाही. मावशींचा रेडिओ आहे, असा-तसा हात लावणार नाही. ह्याला स्टेशन पाहिजे." सोल्डरिंग स्टेशन म्हणजे एक डबा असतो, त्याला उष्णता कमीजास्त करायचं बटण, वायरला जोडलेली हलकी दांडी, तिला सुईसारखं टोक, दांडी ठेवायला स्प्रिंग आणि टोक पुसायला ओला स्पंज. हे त्यांनी मला अर्धा तास समजावून सांगितलं. मी म्हटलं, घेऊ या की मग. "घेऊ या?" साडू कडाडले. "भाजी आहे का ती?"

आणि मग स्टेशन निवडणं सुरू झालं. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये एका सिंधी शेठचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दर रविवारी सकाळी साडू तिथे हजर. "जयभीम शेठ," "जयभीम साईं," एवढं झालं की खिशातून तपकिरीच्या डबीत भरलेली, कथील धरायला लावायची राळ, कथलाच्या तारेचं वेटोळं आणि एक कोरं पोस्टकार्ड बाहेर यायचं. पोस्टकार्ड ही त्यांची स्वतःची परीक्षा होती. स्टेशन तापवायचं, टोक पोस्टकार्डावर टेकवायचं, पाच मोजायचे आणि उचलायचं. उमटलेला डाग फुलक्यावरच्या डागासारखा बदामी असला तर उष्णता बरोबर. भाकरीसारखा काळा पडला तर जास्त, आणि नुसताच पिवळा पडला तर, साडूंच्या भाषेत, "कणीक कच्ची." बटणावरच्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "आकडा छापणाऱ्याच्या बापाचं काय जातंय?" एका स्टेशनची स्प्रिंग ढिली, एकाच्या स्पंजाला वास, एकाची वायर शेपटीसारखी मध्ये मध्ये येणारी. शेठ नवा डबा काढायचा, हे नवा डाग पाडायचे. निवडता निवडता हात रिकामा कशाला, म्हणून शेठच्या दुकानात दुरुस्तीला आलेले रेडिओही तिथल्या तिथे बोलके करून द्यायचे. शेठचा फायदा होत होता. नुकसान बदलापूरला माझ्या आईचं होत होतं.

परीक्षा झालेलं पोस्टकार्ड फेकणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. उरलेल्या जागेत ते आम्हाला पत्र लिहायचे. पहिलं असं कार्ड आलं तेव्हा ते जळकं पत्र हातात घेऊन, कुणीतरी गेलं असं समजून, माझ्या बायकोनं वाचायच्या आधीच हंबरडा फोडला. शेजारणी धावत आल्या. मी वाचून पाहिलं तर भाचा दहावी पास झाला होता. नंतर सवय झाली. प्रत्येक कार्डावर वरच्या बाजूला चार-पाच डागांची रांग, खाली सगळ्यांची खुशाली, आणि शेवटी न चुकता एक ओळ : "मावशींना सांगणे की रेडिओ पुढच्या रविवारी देतो." मी आईला ती ओळ वाचून दाखवायचो. आई कार्ड हातात घ्यायची, डागांवरून बोट फिरवायची आणि भिंतीवरच्या तारेत बाकीच्या पत्रांबरोबर ओवून टाकायची.

मी तिला नवा टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, आणून दिला. तिनं त्याच्यावर रुमाल घातला आणि रुमालावर चष्मा ठेवायला लागली. "त्यो आवाज परका वाटतो रं," ती म्हणाली. बरं, मग जुना तरी बदलापूरच्या दुकानात दाखवू? तर तेही नाही. "बुवापाड्याच्या पाव्हन्यांनी हातात घेतलाय. दुसऱ्याकडं दिलास तर त्यांना काय वाटंल?" म्हणजे त्यांना काय वाटेल याची काळजी सगळ्यांना, आणि माझ्या आईनं दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसावं, याची कुणालाच नाही! माझं रक्त खवळायचं.

पाच वर्षांनी, देवाला न मानणाऱ्या माणसाच्या तोंडातूनही देव पावला असं निघावं, तसं झालं. साडूंनी एक स्टेशन पास केलं, विकत घेतलं, घरी नेलं. आठ दिवसांनी परत. का? "टोक हलतं." दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी हातभर पाटी. तरी शेठनं ते मुकाट्यानं घेतलं, दुसरं दिलं. महिन्यानं तेही परत. टोक हलतं. मग तिसरं. मग चौथं. त्या दोन वर्षांत साडूंचा संताप असा काही वाढला की त्यांच्यासमोर वस्तूचं नाव काढायची सोय राहिली नाही. बॉलपेनं घसरतात. शर्टाची काजं मुद्दाम लहान शिवतात. किल्ल्या कुलपात नीट जातच नाहीत, सगळी चोरांची जात. आमच्याकडे आले की चहावरून बायकोला बोलायचे, "कप काठोकाठ भरणं हा अडाणीपणा आहे. अर्धा द्यावा, पुन्हा मागितला तर पुन्हा द्यावा." बायको स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायची, "भाऊजींचं आता अतीच झालंय हं." मी म्हणायचो, आता नाही, जन्मापासून. जो माणूस आयुष्यभर चिडत आला तो कशावर चिडतोय हे कोण बघत बसतो? आम्ही कुणी बघितलं नाही.

मग एका शनिवारी आईनं मला विचारलं, "मी हाय तवर व्हईल का रं त्यो रेडिओ?" रागानं नव्हे, पाणी आलं का विचारावं तसं विचारलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ठरवलं, उद्या बुवापाड्याला जायचं, रेडिओ उचलून आणायचा आणि जाताना पुरावा घेऊन जायचा. भिंतीवरची तार काढली, त्यातली साडूंची सगळी कार्डं वेगळी केली आणि जमिनीवर क्रमानं मांडली. 'पुढच्या रविवारी देतो' हे त्यांनी किती वेळा लिहून दिलंय ते त्यांच्याच अक्षरात त्यांच्या तोंडावर मारायचं होतं. सांगितलं ना, मनात ठेवणं मला जमतं.

कार्डं मांडली आणि मी वाकून बघत राहिलो. दिवसभर रेघा ओढणाऱ्या माणसाची नजर मजकुराच्या आधी रेघेवर जाते. सुरुवातीच्या कार्डांवरचे डाग वाटोळे, कंपासनं काढल्यासारखे. तिसऱ्या वर्षाचे थोडे लांबट. पाचव्या वर्षी प्रत्येक डागाला शेपूट फुटलेलं. आणि शेवटच्या कार्डांवर डाग नव्हताच, नुसता फराटा होता, इकडून तिकडे. खालचं अक्षरही तसंच, उतारावरून घसरल्यासारखं. टोक हलत नव्हतं. हात हलत होता. अर्धा कप, शर्टाची काजं, किल्ल्या, बॉलपेन, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन बसलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की ती कार्डं मी गोळा करून पुन्हा तारेत ओवून टाकली.

दुसऱ्या दिवशी मी बुवापाड्याला न जाता आधी उल्हासनगरला गेलो. शेठ गल्ल्यावर होता. मी सुरुवात करायच्या आत त्यानं स्टूल सरकवलं. "बैठो साईं. मेरे को मालूम है. दो साल से मालूम है."

"मग त्यांना सांगितलं का नाही?" मी चिडून म्हणालो. कुणावर तरी चिडायचं होतंच.

"किस को बोलूँ? मेरे दुकान के सौ रेडिओ उन्होंने ठीक किये, चाय के सिवा कुछ नहीं लिया. उनको मैं बोलूँ, तुम्हारा हाथ हिलता है? जबान चलेगी मेरी?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "चार मशीन वापस आया ना? चार नहीं है साईं, एकच आहे. डब्बा बदलून देतो. इससे अच्छा माल मेरे पास है ही नहीं."

मी ते मशीन पाचव्या डब्यात घालून घेतलं आणि अंबरनाथ गाठलं. साडूंनी डबा बघूनच नाक मुरडलं, "हेही तसलंच असणार." तरी ट्रंकेतून आईचा रेडिओ काढला. तो लोकरीच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेला होता, आणि उघडला तर आत धुळीचा कण नाही. सात वर्षं तो दर आठवड्याला पुसला जात होता, हे ताईंनी, माझ्या बायकोच्या बहिणीनं, मला हळूच सांगितलं. स्टेशन तापलं. साडूंनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, दांडी तारेजवळ नेली. टोक तारेच्या या बाजूला गेलं, त्या बाजूला गेलं, तारेवर टेकेना. त्यांनी हात मागे घेतला. "बघा. टोक हलतं."

मी काही बोलणार नाही असं ठरवून आलो होतो. पण तोंडातून गेलं, "मला नाही दिसत हलताना." मी खोटं बोलत होतो.

"दिसत नाही?" साडू पेटले. "दुसऱ्याच्या रेघा ओढून ओढून डोळे गेले का? धरा! तुम्हीच धरा, म्हणजे कळेल!" आणि त्यांनी दांडी माझ्या हातात कोंबली, भिंग डोळ्याला लावलं आणि टोक हलताना पकडायला खाली वाकले.

टोक हललं नाही. मला ते हलवावंसं वाटलं, खरंच सांगतो. पण वीस वर्षं शाईच्या रेघा ओढलेला हात, तो ऐकेना. ते सुईसारखं टोक तारेवर उभं राहिलं. साडू बघत राहिले. ताई दारात अर्धा अर्धा चहा घेऊन उभ्या होत्या, त्याही हलल्या नाहीत. "श्वास सोडू नकोस," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अरेतुरे केलं.

आणि मग बांध फुटला. "अरे झाडू धरलायस का! तिरकं धर. आधी राळ. राळ, गाढवा, कथील नंतर! तारेला तापव, कथलाला नको, तार तापली की कथील आपण होऊन जातं. आता उचल. उचल म्हणतो ना!" मी उचललं. त्या केसावर कथलाचा एक थेंब बसला होता, खसखशीएवढा, चकचकीत. साडूंनी भिंगातून त्याच्याकडे दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीनं पाहिलं. "शत्रूनं द्यावा इतका वाईट नाही," ते म्हणाले. सेल घातले, बटण फिरवलं. आधी नुसती खरखर आली, आणि मग सात वर्षं काही झालंच नाही अशा थाटात कुणीतरी भातावरच्या करपा रोगाबद्दल बोलायला लागलं.

साडूंनी खिशातून पोस्टकार्ड काढून माझ्यापुढे टाकलं. मी टोक टेकवलं, पाच मोजले, उचललं. बदामी, वाटोळा डाग. "फुलका," ते म्हणाले. मग दोन्ही हात काखांत घालून भिंतीला टेकून बसले. "हे मशीन ठेवून घेऊ. टोक हलत नाही ह्याचं." पाच डब्यांत फिरून आलेलं ते मशीन अखेर पास झालं, आणि पास करताना त्यांना केवढी किंमत द्यावी लागली हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही कळलं होतं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते, टेबलाखालून बाहेर आलेले ते पाय.

संध्याकाळी दोघं मिळून बदलापूरला आलो. आईनं रेडिओ मांडीवर घेतला, पिशवीचं चामडं चाचपलं, बटण स्वतः फिरवलं. बातम्या लागल्या. तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं आवाजाच्या अंदाजानं साडूंकडे तोंड करून म्हणाली, "पाव्हनं, तुमच्या हाताला गुन हाय बगा. सात वर्सं लागली, पर आवाज हाय तस्साच हाय."

आयुष्यात एकही चुकीचं वाक्य या माणसानं दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काखेतले हात बाहेर काढले आणि तोंड उघडलं. "मावशी, ते मी नाही, हे आपले..."

मी पुढे होऊन रेडिओचा आवाज एकदम मोठा केला. सगळी बिल्डिंग बातम्या ऐकू लागली. साडू हात हलवत ओरडत होते, "अरे कमी कर, स्पीकर फाटेल, अक्कल आहे का!" आई हसत होती. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि बटणावरचा हात काही काढला नाही.